बंब्यावर

लग्न होऊन मी सांगलीहून ग्वाल्हेरला आले
त्या हिवाळ्यात सासूबाई म्हणाल्या,
उद्या सगळे बंब्यावर जाऊ.
माझ्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातला बंब,
तांब्याचा, पोटात निखारे,
चिंचेनं घासून लख्ख केलेला.
त्याच्यावर सगळे कसे जाणार?
तेव्हा जे हसले ते अजून हसतात,
दर डिसेंबरात एकदा,
गाडी पेरूच्या बागांपाशी लावली की.

इकडे मोठी ती नहर,
तिचा मुलगा बंबा,
आणि वाफ्यात शिरते ती नात, गूल.
माझ्या माहेरी या सगळ्या घराण्याला
पाट म्हणून भागतं.

वाट सोपी आहे.
चढ नाही. उतार आहे, पण फक्त पाण्याला कळेल इतका.
मैलाला वीतभर, मामंजी सांगतात,
आणि हाताची वीत करून दाखवतात.
संस्थानच्या दिवसांत कुणीतरी
उन्हात एक डोळा मिटून
ही वीत शोधली असणार.
त्याचं नाव कुठे नाही.
दगडावर आहे नुसता मराठी तीनचा आकडा,
त्याखाली झिजलेलं एक अक्षर.
सासूबाई म्हणतात ते 'मैल'मधलं,
मामंजी म्हणतात 'मोरी'मधलं.
हा वाद अठ्ठावीस वर्षं जुना आहे,
म्हणून आम्ही तिथे थांबून पाणी पितो.

मामंजींचा उजवा गुडघा मात्र
पाच महिन्यांचा.
जयेंद्र त्यांच्या मागे दोन पावलं,
आधार देत नाही असं दाखवत.

बागेच्या तोंडाशी एका पोरानं
पेरू कापून, वर काळं मीठ भुरभुरून
पळसाच्या द्रोणातून दिले.
शाल्मलीनं एक फोड सोडून सगळे संपवले,
ती फोड द्रोणात नीट बसवली
आणि द्रोण बंब्यात सोडला.
"ही एकटीच चाललीये," तिनं जाहीर केलं.

मग आमची चाल त्या फोडीची झाली.
ती कडेच्या गवतात अडकली
की मामंजी थांबत, लांब श्वास घेत,
काठीनं तिला हळूच मोकळं करत.
ती निघाली की हेही निघत.
डॉक्टरनं सांगितलं होतं, रोज थोडं थोडं.
त्या दिवशी ते किती चालले
ते कुणी मोजलं नाही.
पोपट वर कचरत होते,
धुकं मोहरीवरून उठायला तयार नव्हतं,
आणि सासूबाई मागून ओरडत होत्या,
अहो, मफलर!

पुढे फळीपाशी हरविलास कुशवाह उभे,
धोतर गुडघ्यावर, हातात फावडं.
आज पाण्याची पाळी त्यांची.
त्यांनी फळी उचलली,
आणि आमचा द्रोण गर्रकन वळून
त्यांच्या बागेत शिरला.
शाल्मलीचा ओठ थरथरला.
माझी फोड त्यांनी नेली.

हरविलास खाली वाकले.
"बिटिया, जिस पेड़ की थी,
उसी को देखने गई है।"
सकाळचे पेरू त्यांच्याच बागेतले,
कापणारं पोरगं त्यांचा नातू.

ती काही बोलली नाही.
गुलीच्या कडेनं झाडांत गेली,
बऱ्याच वेळानं परत आली
ओल्या मोज्यांनी, हात रिकामे.
मिळाली का, विचारलं तर म्हणाली,
"झोपलीये. उठवलं नाही."

परतीच्या वाटेवर पाणी समोरून येत होतं.
मामंजींनी काठी जयेंद्रकडे दिली,
खांदा धरला नाही, पण दिली.
तिसऱ्या दगडाशी थांबून
ते त्या अक्षरावर बोट फिरवत राहिले,
आणि म्हणाले, मैलच असेल.
सासूबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.
मग म्हणाल्या, छे हो, मोरी.

रात्री आईला फोन केला.
आज बंब्यावर गेलो होतो सगळे.
पलीकडून सांगलीची आई,
दरवर्षीसारखीच,
अगदी गंभीर आवाजात,
"तापला होता का गं?"